मी निवडलेला ड्रायसूट

आमच्या सोसायटीत पोलीस एकदाच आले आणि ते माझ्यामुळे आले. त्या दिवसापासून मी लिफ्टने जात नाही, जिन्याने जातो. गुडघे दुखतात, पण लिफ्टमध्ये माणसं भेटतात.

माझी नात रिया हिला समुद्रातल्या शेवाळाचा अभ्यास करायला नॉर्वेला जायचं होतं. "शेवाळ बगाला इतक्या लांब?" माझी बायको ठमाबाई म्हणाली. "सोसायटीच्या टाकीत काय कमी हाय?" पण रियाचं सगळं ठरलं होतं. मालवणला दोन वर्षं बुड्या मारून ती पाण्याखाली माशासारखी तरबेज झाली होती. मात्र मालवणचं पाणी उबदार आणि नॉर्वेचं बर्फाच्या शेजारचं. तिथे साध्या सूटमध्ये उतरलेला माणूस थोड्याच वेळात आखडतो. म्हणून ड्रायसूट लागतो आणि तो ज्याने त्याने आपला न्यायचा असतो. रियाचा हा पहिलाच.

ड्रायसूट म्हणजे ज्याच्या आत पाण्याचा थेंब जात नाही असा पोशाख. पायाला बूट जोडलेले, पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत जाड चेन आणि मनगटांना व गळ्याला पातळ रबराच्या घट्ट पट्ट्या. सगळा खेळ त्या रबराचा. ते कातडीला चिकटून बसलं तर माणूस कोरडा, नाही तर सूटमध्ये समुद्र. हे मला आता नीट समजतं. तेव्हा मला हसू आलं होतं. मी गव्हाणचा कोळी, चाळीस वर्षं खाडीत आणि समुद्रात काढलेला. पाण्यात जायचं आणि भिजायचं नाही, हे मला लग्नाला जाऊन न जेवण्यासारखं वाटलं.

सूट नवा घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. पण माझा जुना मित्र मुबारक याचा पुतण्या यासीन परदेशात तेलकंपनीत पाणबुड्या आहे. त्याने चार हिवाळे उत्तरेच्या थंड समुद्रात काढलेले. तो अंगाने रियाएवढाच किरकोळ, आणि त्याच्याकडे दोन सूट पडून होते. "काशिराम, जो बसेल तो घेऊन जा," मुबारकने फोनवर सांगितलं. "पोरीला माझ्याकडून तोहफा समज. फक्त शुक्रवारी ये. यासीन संध्याकाळच्या विमानाने चालला, आणि त्या कपड्यातलं मला काडीचं कळत नाही."

नेमकी त्याच शुक्रवारी रिया मुंबईला पासपोर्ट आणायला जाणार होती. घरात शांतता पसरली. अशा शांततेत मी बोलतो, ही माझी जुनी खोड.

"मी बगतो," मी म्हणालो. "माजी उंची रियाएवढीच हाय. आनि पान्यातलं मला नाय कळनार तं कोनाला?"

रियाने जरा विचार केला आणि मला समजावलं. "आबा, तीन गोष्टी बघ. घालून उकिडवा बसता येतं का. दोन्ही हातांनी स्वतःला मिठी मारता येते का. आणि हात मागे नेऊन मानेला बोट लागतं का. बस. आणि आत एक टॅग असतो, तो वाच. रबराची काळजी कशी घ्यायची ते त्यावर लिहिलेलं असतं. वाचशील ना?"

"वाचतो," मी म्हणालो.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. मला अक्षरं अठ्ठावन्नाव्या वर्षी आली. तिसऱ्या मजल्यावरच्या शशिकलाबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी रोज दुपारी सोसायटीच्या सायकल स्टँडमध्ये पाटी घेऊन मला शिकवलं. तेव्हापासून मी दिसेल ते मोठ्याने वाचतो. रिक्षातून जाताना दुकानांच्या पाट्या वाचतो. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचतो. वीस वर्षं शेजारी राहणाऱ्यांच्या दारावरची नावं वाचतो, जणू ते कालच राहायला आलेत. बाई चारचौघांत मला पुढे करून सांगतात, "हे माझे सर्वांत मोठे विद्यार्थी!"

इंग्रजी मला येत नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. इंग्रजी काही समोर आलं की मी ते जरा लांब धरतो, चष्मा वर करतो, ओठ हलवतो आणि मान डोलावतो. मान डोलावायला बाईंनी शिकवलेलं नाही. ती कला माझी स्वतःची.

शुक्रवारी निघालो तर बातमी जिन्यात माझ्याआधी उतरली होती. सोसायटीचे सेक्रेटरी उदयसिंह खाली नोटीस लावत होते. त्यांना पाण्याची भीती वाटते, पण सल्ल्याची नाही. "काका, जाड बघून घ्या. स्वेटर कधी आपण पातळ घेतो का? आणि खरं सांगू, चांगला रेनकोट आणि मजबूत चिकटपट्टी, याच्यात सगळं भागतं." शशिकलाबाई खिडकीतून म्हणाल्या, "काशिरामदादा, भडक रंग घ्या. लांबून दिसायला हवी मुलगी." ठमाबाईची एकच सूचना होती, "धुवाला सोपा तो आन."

मुबारकच्या घरी दिवाणखान्यात दोन सूट मांडून ठेवले होते. एक काळा, स्पंजासारखा जाड. दुसरा लाल, ताडपत्रीसारखा पातळ. उदयसिंहांच्या सल्ल्याप्रमाणे मी आधी काळ्यात शिरलो. शिरलो म्हणजे यासीनने पायाकडून ओढलं आणि मुबारकने डोक्याकडून ढकललं. डोकं गळ्याच्या रबरात गेलं आणि कानापाशी अडकलं. मला दिसेना, ऐकू मात्र सगळं येत होतं.

"या अल्ला, हे कोण?" सुरैय्याभाभींचा आवाज आला. त्या चहा घेऊन आल्या होत्या.

"आपला काशिराम," मुबारक म्हणाला.

"अस्सलाम आलेकुम भाऊ," भाभी रबराला म्हणाल्या. मीही रबरातून काहीतरी बोललो. ते त्यांना कळलं नाही, हे बरंच झालं.

यासीनने भाभींचा पावडरचा डबा मागवून माझ्या मानेवर आणि रबराच्या आत पावडर उधळली. "चाचा, पावडर लावली की सरकतं. नेहमी पावडरच." डोकं सुळकन बाहेर आलं. गुलाबाचा वास आला.

"पावडर?" मी म्हणालो. "मी काय वरातीला चाललोय?"

"समंदरचा शेर पावडरला घाबरतो बघ," मुबारक म्हणाला.

हे वाक्य मला लागलं. ते लागलं नसतं तर पुढचं काही झालं नसतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

काळ्या सूटमध्ये मला उकिडवं बसता येईना. अर्ध्यावर आलो की तो मला परत उभा करी. मग लाल घातला. यासीनने पाठीची चेन ओढली. मी स्वतःला मिठी मारली. मानेला बोट लागलं. मग मी मनापासून उकिडवा बसलो. आत कोंडलेली हवा खांद्याकडे सरली, मी वरून फुगलो, आणि यासीनने हवा सोडायचं बटण दाबलं. जो आवाज झाला तो लांब होता आणि दोन सुरांत होता. सुरैय्याभाभी चहाचा कप तिथेच ठेवून आत गेल्या. तो आवाज मी केला नव्हता. त्यानंतर मुबारकच्या घरी मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा हे सांगितलं. भाभी दर वेळी "नाही नाही, काही हरकत नाही" म्हणतात, म्हणजे त्यांना पटलेलं नाही.

लाल सूट घेतला. निवड चुकली नव्हती, हे आत्ताच लिहून ठेवतो. माझी सगळी अब्रू या एका वाक्यावर उभी आहे.

निघताना यासीन म्हणाला, "चाचा, बाकी सगळं टॅगवर आहे. वाचून घ्या हां." मी टॅग हातात घेतला. लांब धरला. चष्मा वर केला. सगळं इंग्रजी. खाली एका बाटलीचं चित्र आणि त्यावर फुली. मी मान डोलावली.

संध्याकाळी रिया आली आणि सूट घालून आरशासमोर उभी राहिली. उकिडवी बसली, उठली, मला मिठी मारली. "आबा, परफेक्ट! मी स्वतः गेले असते तरी हाच घेतला असता." माझी छाती त्या सूटसारखीच फुगली. सूट उतरवल्यावर मात्र तिच्या मानेभोवती लाल वळ दिसला. "थोडं आवळतं," ती म्हणाली, "पण घट्ट असायलाच पाहिजे. टॅग वाचलास ना? काही विशेष?"

"वाचला," मी म्हणालो. "नेमीचंच."

तो वळ काही माझ्या डोळ्यांपुढून जाईना. शनिवारी रिया मैत्रिणींना भेटायला खारघरला गेली. मी सूट मांडीवर घेऊन बसलो. होडी पाण्यात घालण्याआधी आम्ही तिला मुशी माशाच्या काळजाचं तेल चोपडायचो. फळी नरम राहते, पाणी धरत नाही, वर्षभर तडकत नाही. माझ्या बापाने केलं, मी केलं. तेल न लावता होडी ढकलणाऱ्याला आमच्यात कोणी पोरगी देत नसे. आणि इथे माझी नात परक्या समुद्रात उतरणार, ती काय गुलाबाच्या पावडरवर? माळ्यावर जुनी बाटली होती. मी गळ्याच्या रबराला तेल लावलं. मनगटांना लावलं. बोटाने चोळून चोळून जिरवलं. बाकी सूटवरही दोन हात फिरवले. इतकं मन लावून मी कित्येक वर्षांत काही केलं नव्हतं.

सोमवारी सकाळी बघितलं तर गळ्याचं रबर सैल झालं होतं आणि बोटाला चिकटत होतं. ओढलं तर आलं आणि परत गेलं नाही. पाण्यात सडलेल्या फुग्यासारखं दिसत होतं. मी ते खाली ठेवलं. परत उचललं. परत ठेवलं.

त्याच वेळी रियाला हाक मारून सांगायला पाहिजे होतं. गुरुवारी तिचं विमान होतं. आणि मी काय केलं? मी ठमाबाईचा पावडरचा डबा घेतला आणि चिकटपणा झाकला. ज्या पावडरला मी हसलो होतो, तीच.

तेलाचा वास मात्र पावडरला दाद देईना. मंगळवारी दुपारी रिया बँकेत गेली, तेव्हा मी सूट गच्चीवर वाऱ्याला टांगला. यासीनने सांगितलं होतं, बूट वर करून उलटा टांगायचा, म्हणून तसाच टांगला. हात खाली लोंबत होते. वारा आला की ते हलत होते.

समोरच्या इमारतीतल्या एका बाईंना आमच्या गच्चीवर लाल कपड्यातला, बिनडोक्याचा माणूस उलटा लटकलेला दिसला. तो त्यांना हात हलवून बोलावत होता. त्यांनी फोन केला. त्यांची मी चूक मानत नाही.

हवालदार आला तो तरणा, दम लागलेला. मागे उदयसिंह, त्यांच्यामागे शशिकलाबाई, त्यांच्यामागे ठमाबाई, आणि बँकेतून परतलेली रिया सगळ्यांच्या मागून धावत वर आली.

"मयत कुठंय?" हवालदाराने विचारलं.

"वाळतोय," मी म्हणालो. याहून बरं उत्तर मला आजवर सुचलेलं नाही.

हवालदाराने सूटला काठीने टोचलं. मग हुश्श केलं, टोपी काढली आणि वही उघडली. "आलोय तर लिहावं लागेल. वस्तूचं नाव?"

"ड्रायसूट," रिया म्हणाली.

"सूट ओला की सुका?"

"सुका. पण तो पाण्यात घालतात."

हवालदाराने लिहिलेलं खोडलं आणि नव्याने लिहिलं, 'लाल रंगाचा पोशाख, एक'.

"आणि वासाचंही लिहा साहेब!" उदयसिंह म्हणाले. "गच्चीवर मासळी सुकवायला बंदी आहे. मी स्वतः नोटीस लावलीय. ठमाकाकी, किती वेळा सांगितलं तुम्हाला?"

"मी नाय सुकवली," ठमाबाई म्हणाली.

"मग हा वास काय आकाशातून आला? लोक राहतात इथे, काकी. जरा तरी विचार करा."

ठमाबाईने माझ्याकडे बघितलं. माळ्यावरची बाटली अर्धी झालेली तिने पाहिली होती, हे मला त्या एका नजरेत कळलं. ती पदर खांद्यावर ओढून उभी राहिली. चाळीस वर्षं वाशीच्या मासळी बाजारात कोणाचं ऐकून न घेतलेली बाई, माझ्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरीचं ऐकून घेत होती. आणि मी टाकीकडे बघत होतो.

हवालदार वर्णन पुरं करायला टॅग धरून वाचू लागला. त्याला इंग्रजी येत होतं. "कंपनीचं नाव... साइज... थंड पाण्याने धुवावे... रबराला तेल, ग्रीस किंवा मलम कधीही लावू नये. रबर कमजोर होऊन पाण्याखाली फाटू शकते." त्याने बोट ठेवलं. "चित्र पण काढलंय. बाटलीवर फुली."

"ते माहितीय," रिया म्हणाली. "आबांनी आधीच वाचलंय." आणि तिने सूट दोरीवरून काढायला हात पुढे केला, बॅगेत भरण्यासाठी.

त्या क्षणी मी गप्प राहू शकलो असतो. वास ठमाबाईच्या नावावर गेला होता. टॅग माझ्या नावावर, वाचलेला म्हणून, जमा होता. सूट बॅगेत जाणार होता, बॅग विमानात, आणि रिया पाण्यात.

"त्याल मी लावलं," मी म्हणालो.

कोणाला ऐकू गेलं नाही. परत म्हणालो. या वेळी समोरच्या इमारतीलाही ऐकू गेलं असावं.

"मुशीचं त्याल. गल्याला, मनगटाला, सगल्याला. ठमाबाईचा काय दोस नाय. आनि मी टॅग नाय वाचला. मला इंग्रजी येत नाय."

हवालदाराचं पेन थांबलं. "आता हे पण लिहायचं का?" त्याने उदयसिंहांना विचारलं. उदयसिंहांनाही, आयुष्यात पहिल्यांदा, सल्ला सुचला नाही.

"पन बाटलीवर फुली व्हती," मी म्हणालो. उभं राहायला काहीतरी हवं होतं. "आमी मतदान करायचो तवा जो पायजे त्याच्याच चित्रावर फुली मारायचो."

"ते निवडणुकीत हो, आजोबा," हवालदार मऊ आवाजात म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

रियाने गळ्याचं रबर ओढून बघितलं. पावडर उडाली आणि रबर तिच्या बोटांत लांब होऊन तसंच राहिलं.

"कधी लावलंस?"

"शनवारी."

"आणि चिकट झालंय हे कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज मंगळवार आहे, आबा."

तिने आवाज चढवला नव्हता. "खाली गेल्यावर हे फाटलं असतं तर?" एवढंच ती म्हणाली आणि सूट पोटाशी धरून टाकीच्या कठड्यावर बसली.

शशिकलाबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता छडी. "काशिरामदादा," त्या म्हणाल्या, "इंग्रजी मी तुम्हाला शिकवलंच नव्हतं. मग येत नाही म्हणायला काय हरकत होती?" हरकत काय होती, ते मला अजूनही सांगता येत नाही. मी फक्त मान डोलावली, आणि ही मान तरी खरी होती.

रियाने तिथूनच यासीनला व्हिडिओ फोन लावला. सगळी सोसायटी त्या छोट्या पडद्यात डोकावली. यासीन आधी हसला, मग रियाचा चेहरा बघून थांबला. "घाबरू नको. गळा आणि मनगटं बदलता येतात. ती झिजतातच, आम्ही बदलत राहतो. तिथे पोचल्यावर नवीन लावून घे. पण या गळ्याने पाण्यात पाय पण टाकू नको हां. चाचा कुठे आहेत?" चाचा पाण्याच्या टाकीमागे होते.

खाली उतरताना उदयसिंह ठमाबाईला म्हणाले, "काकी, चुकलं माझं." ती म्हणाली, "वहीत लिवा तसं." हवालदाराने खरंच लिहिलं की नाही, माहीत नाही.

बुधवारी रियाने सामान भरलं. सूटची लाल पिशवी आणि एक जाड काळं पेन तिने माझ्यापुढे ठेवलं. "लिही."

"काय?"

"जे वाचायचं राहिलं ते."

शशिकलाबाई मुद्दाम खाली आल्या होत्या. मी पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तेल लावू नये.' ओळ जरा उतरत गेली, पण काना-मात्रा जागच्या जागी होत्या. बाईंनी चष्म्यातून बघितलं आणि म्हणाल्या, "अक्षर छान आलंय." सबंध प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

रिया तिथे पोचली. नवा गळा बसायला आठवडा लागला. बाकीची मुलं बुडी मारत होती आणि ती आठवडाभर होडीत बसून त्यांच्या दोऱ्या धरत होती. हे तिने सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीकडून कळलं. त्या आठवड्यात मी शशिकलाबाईंकडे पुन्हा पाटी घेऊन बसलो. सध्या मी इंग्रजीची मोठी अक्षरं ओळखतो. छोटी अजून एकमेकांसारखी दिसतात.

परवा तिचा फोन आला. पहिली बुडी झाली होती. आत एक थेंब गेला नाही, गळा नीट बसला, शेवाळ हाताहून लांब होतं. मग म्हणाली, "आबा, पण वास गेला नाही हां. आणि सगळ्यांचे सूट इथे एका खोलीत टांगतात, तिथे तुझी पिशवीपण टांगलीय. येणारा-जाणारा तिच्यापुढे थांबतो, अक्षरांकडे बघतो, आणि मान डोलावून पुढे जातो."

"त्यांना विचार," मी म्हणालो, "वाचता आलं का म्हनून."

"विचारलं," रिया म्हणाली. "हो म्हणाले."